ईथ झिरोची कुळकथा

२०११ नंतरची चार-सहा वर्षं ज्यांनी रेड हॅट किंवा सेंटओएस ६ चे सर्व्हर सांभाळले, त्यांना एक वाक्य झोपेतसुद्धा ओळखू येईल : ‘डिव्हाइस ईथ० डझ नॉट सीम टू बी प्रेझेंट, डिलेइंग इनिशियलायझेशन.’ मदरबोर्ड बदलून झालेला आहे, डिस्का जुन्याच आहेत, केबली होत्या तिथेच लावल्यात, पोर्टावरचे दिवेही लुकलुकताहेत. आणि मशीन म्हणतं, ईथ० नावाचं इथे कुणी नाहीच. कार्ड असतं. त्याचं नाव मात्र ईथ१ झालेलं असतं, बोर्डावर चार पोर्ट असतील तर ईथ४. इकडे आयपी पत्ता, फायरवॉलचे नियम, बॅकअपचा रूट असा सगळा संसार ईथ० च्या नावावर मांडलेला. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा, पुढची हकिगत तो न थांबता सांगेल.

असं का व्हायचं याचं कारण एका छोट्या फाइलीत आहे. ती फाइल कुणाला आणि का सुचली, हे शोधत गेलं की बरंच मागे जावं लागतं.

‘ईथ’ हा ईथरनेटमधला. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात एक टिपण लिहिलं आणि त्यात हा शब्द आणला. प्रत्यक्ष बांधणीत डेव्हिड बॉग्ज त्यांच्या बरोबरीने होते. त्या पहिल्या प्रायोगिक जाळ्यात प्रत्येक यंत्राला आठ बिटांचा क्रमांक होता. म्हणजे एका केबलीवर अडीचशेच्या आसपास यंत्रं बसली की क्रमांक संपले. प्रयोगशाळेपुरतं ते ठीक होतं. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ईथरनेटचं जे मानक काढलं, त्यात मात्र हा आकडा थेट अठ्ठेचाळीस बिटांवर गेला. अठ्ठेचाळीस बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त पत्ते बसतात. त्या काळच्या लोकांना ही निव्वळ उधळपट्टी वाटली असणार.

ही उधळपट्टी का केली, ते योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या एका निबंधात सांगितलं आहे. दलाल आपल्या पवईच्या आयआयटीतून बी.टेक. होऊन स्टॅनफर्डला गेलेले. व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर १९७४ मध्ये टीसीपीचा पहिला तपशीलवार मसुदा ज्यांनी लिहिला, त्या तिघांतले ते एक. त्यांचं म्हणणं असं की हा क्रमांक जाळ्याचा नसावा, यंत्राचा असावा. यंत्र उचलून दुसऱ्या इमारतीत नेलं, दुसऱ्या केबलीला लावलं, तरी त्याचा क्रमांक तोच राहावा; आणि जगात पुन्हा कुणालाही तो मिळू नये. नीट पाहा, ‘यंत्राचा’ असं म्हटलंय, कार्डाचा नव्हे. एका यंत्राला दोन कार्डं असली तरी यंत्र एकच, म्हणून क्रमांकही एकच.

हे कागदावरच राहिलं असं नाही. सन कंपनीच्या वर्कस्टेशनांनी हा विचार तंतोतंत पाळला. सनच्या यंत्रात ईथरनेटचा पत्ता कार्डावर नसायचा. मदरबोर्डावर सॉकेटात बसवलेल्या एका चिपमध्ये, पोटात बॅटरी असलेल्या एन्व्हीरॅममध्ये असायचा. यंत्राचा होस्ट-आयडीही तिथेच. चार पोर्टांचं कार्ड घातलं तरी चारही पोर्ट मुळात तोच पत्ता सांगायचे. प्रत्येकाला वेगळा हवा असेल तर फर्मवेअरमध्ये तशी सेटिंग करावी लागे. आणि मदरबोर्ड जळाला, तर सनचा इंजिनिअर नवा बोर्ड बसवताना जुन्या बोर्डावरची ती चिप हलक्या हाताने उपसून नव्या सॉकेटात बसवायचा. झालं. बाहेरच्या जगाला कळायचंही नाही की आतला सगळा बोर्ड बदललाय. परवाना होस्ट-आयडीवर बांधलेला असला तर तोही शाबूत. या पद्धतीचा काटा एकच : चिपमधली बॅटरी मेली की यंत्र स्वतःचा पत्ताच विसरायचं, आणि पत्त्याच्या जागी नुसती एफ-एफ-एफची माळ दिसायची.

पीसीच्या दुनियेला हा नेमस्तपणा परवडणारा नव्हता. तिथे मदरबोर्ड एकाचा, कार्ड दुसऱ्याचं, डबा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. यंत्राचा मालक कोण, हेच ठरलेलं नाही, तर क्रमांक कोण देणार? मग ज्याने कार्ड बनवलं त्याने पत्ता कार्डातच कोरला. पत्त्याचा पहिला अर्धा भाग कारखान्याचा, दुसरा अर्धा त्या नगाचा. पुढच्या साऱ्या भानगडींचं मूळ मी इथे धरतो. यंत्राची ओळख म्हणून काढलेला आकडा एका सुट्या भागाची ओळख होऊन बसला, आणि सुटे भाग बदलण्यासाठीच असतात.

आता नावांकडे. युनिक्समध्ये सगळं काही फाइल असतं अशी एक आवडती म्हण आहे. नेटवर्क कार्ड तिला अपवाद. डिस्केला स्लॅश-डेव्हमध्ये फाइल मिळते, कार्डाला नाही. त्याला फक्त एक नाव असतं आणि ते कर्नलच्या यादीत असतं. १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून त्या नावाची घडण ठरून गेली : आधी ड्रायव्हरचं छोटं नाव, मग क्रमांक. डेकचं कार्ड असेल तर डीई०, थ्रीकॉमचं ईसी०, सनच्या यंत्रांवर एलई०, नंतर एचएमई०. हे शेवटचं ‘हॅपी मील ईथरनेट’चं लघुरूप, सनमधल्या मंडळींच्या विनोदाचा नमुना. त्या काळी कर्नल स्वतः बांधावा लागे आणि बांधतानाच, कोणतं कार्ड कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर बसलंय ते कॉन्फिग फाइलीत लिहावं लागे. त्यामुळे नाव गोंधळायला जागाच नव्हती. माणसाने हाताने लिहिलेलं होतं ना.

लिनक्सने एक पायरी गाळली. कार्ड कुणाचंही असो, ईथरनेट म्हटलं की ईथ. मग ०, १, २. नवशिक्यासाठी हे फार सोयीचं होतं. कोणत्याही पुस्तकात ईथ० लिहिलं की ते जगातल्या कोणत्याही लिनक्सवर चालायचं. या ड्रायव्हरांपैकी बरेचसे डोनल्ड बेकर यांनी लिहिले. ते नासाच्या गॉडर्ड केंद्रात काम करायचे. १९९४ मध्ये त्यांनी आणि थॉमस स्टर्लिंग यांनी साध्या पीसींची मोट बांधून बेओवुल्फ नावाचा समूह-संगणक उभा केला. त्यातल्या प्रत्येक यंत्राला दोन ईथरनेट कार्डं होती आणि दोन्ही जोडून एकासारखी वापरली जात. दोन कार्डं आली की ‘पहिलं कोणतं?’ हा प्रश्नही आपसूक आला.

आयसा बसच्या जमान्यात त्याचं उत्तर धसमुसळं होतं. कार्ड कुठे बसलंय हे कर्नलला कळायची सोय नव्हती. तो एकेका पोर्टावर टकटक करून पाहायचा, आणि चुकीच्या दारावर टकटक झाली तर अख्खं यंत्र गोठायचं. म्हणून एक कार्ड सापडलं की शोध बंद. दुसरं हवं असेल तर लिलोच्या ओळीत ‘ईथर=०,०,ईथ१’ असं लिहून द्यावं लागे. पुढे मॉड्यूलं आली, आणि कॉन्फिग फाइलीत ईथ० म्हणजे थ्रीकॉम, ईथ१ म्हणजे एनई२००० अशा दोन ओळी लिहिल्या की भागायचं. दोन्ही कार्डं एकाच बनावटीची असली की मात्र घोडं पेंड खायचं.

पीसीआय बस आली आणि टकटक संपली, कारण बस स्वतःच सांगते की कुठल्या जागी कोण बसलंय. पण सांगण्याचा क्रम? त्याला दोन रीती आहेत. एक, आधी वरच्या मजल्यावरची सगळी दारं आणि मग खालच्या मजल्यावरची. दुसरी, एक जिना दिसला की थेट तळापर्यंत उतरायचं, मग वर यायचं. २.४ पर्यंतच्या कर्नलचा क्रम पहिला होता, २.६ चा दुसरा. एवढ्याशा बदलाने डेलच्या पॉवरएज १९५० आणि २९५० सारख्या सर्व्हरांवर पाठीमागे ‘१’ छापलेला पोर्ट ईथ१ झाला आणि ‘२’ छापलेला ईथ०. केबल लावणाऱ्या माणसाने पाठ पाहून लावली, ॲडमिनने नाव पाहून आयपी दिला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी कर्नलमध्ये ‘पीसीआय=बीएफसॉर्ट’ असा पर्याय घालावा लागला. इतकंच नाही, डेल आणि एचपीच्या ठरावीक मॉडेलांची यादी कर्नलच्या आतच लिहून ठेवली. ती दिसली की जुनाच क्रम लावायचा. ती यादी आजही तिथे आहे.

क्रमावर भरवसा ठेवायचा नाही तर मग कशावर? कार्डात कोरलेला पत्ता होताच. अँडी क्लीन यांचं ‘नेमइफ’ आणि जाँ तूरिल्हेस यांचं ‘इफरिनेम’ ही दोन छोटी हत्यारं तेच करत : एका फाइलीत पत्ता आणि नाव यांच्या जोड्या लिहा, बूट होताना नावं बदलली जातील. रेड हॅटने ‘एचडब्ल्यूएडीडीआर’ ही ओळ कार्डाच्या कॉन्फिग फाइलीतच घातली. या सगळ्यात फाइल माणूस लिहायचा. मनावर घेतलं तर लिहायचा, नाही तर राहिलं.

मग यूडेव्ह आलं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ मध्ये ते मांडलं, काय सिव्हर्स यांनी पुढे बरंच वाढवलं. २.६ कर्नलच्या सोबतीने ड्रायव्हर आता एकामागून एक न चढता एकदमच चढू लागले होते. जो आधी तयार झाला तो ईथ०. म्हणजे एकच यंत्र, आज सकाळी एक क्रम आणि उद्या सकाळी दुसरा, अशीही शक्यता निर्माण झाली. यावर यूडेव्हने तोडगा काढला तो असा : जे कार्ड पहिल्यांदा दिसेल त्याचा पत्ता आणि त्याला मिळालेलं नाव आपणहून एका फाइलीत लिहून ठेवायचं आणि पुढे कायम तेच नाव द्यायचं. ही ती फाइल : ‘७०-परसिस्टंट-नेट डॉट रूल्स’. माणसाला काही करायला नको.

आता बोर्ड बदलल्यावर ही फाइल उघडून पाहू. दर कार्डामागे वर एक शेऱ्याची ओळ, त्यात कार्डाचा पीसीआय क्रमांक आणि ड्रायव्हर. खाली नियमाची लांबलचक ओळ : उपप्रणाली नेट, पत्ता अमुक, मूळ नाव ईथ-काहीही, तर नाव ईथ०. अशा दोन जोड्या जुन्या बोर्डाच्या. त्यांच्या खाली नव्या बोर्डाच्या दोन, आणि त्यांत नावं ईथ२, ईथ३. यूडेव्हच्या नजरेने पाहिलं तर सगळं न्याय्य आहे. ईथ० नावाचं कार्ड सध्या गैरहजर आहे, उद्या परतही येईल. त्याचं नाव दुसऱ्याला कसं द्यायचं? ते कार्ड भंगारात गेलंय हे यूडेव्हला सांगणार कोण? मग आपण जुन्या दोन ओळी उडवायच्या, नव्या ओळींतलं ईथ२ पुसून ईथ० लिहायचं, कॉन्फिग फाइलीतला ‘एचडब्ल्यूएडीडीआर’ सुधारायचा (हे हमखास राहून जायचं) आणि रीबूट करायचं. घाईत असलेली माणसं ती फाइलच उडवायची. पुढच्या बूटला ती नव्याने तयार व्हायची आणि बहुतेकदा सगळं सुरळीत लागायचं.

व्हर्च्युअल मशीनांनी तर या फाइलीच्या नाकी नऊ आणले. एका मशीनची नक्कल काढली की नकलेला नवा पत्ता, फाइल मात्र जुनी. म्हणून नकलेत ईथ१. नकलेची नक्कल काढली की ईथ२. शेवटी यूडेव्हने व्हीएमवेअर, झेन, केव्हीएम, हायपर-व्ही यांचे पत्ते ओळखून ते लिहायचेच नाहीत अशी सूट दिली, आणि ‘वर्ट-सिसप्रेप’ या नकला साफ करणाऱ्या हत्यारात ही एक फाइल पुसायचं खास कलम आलं. शिवाय एक सूक्ष्म गोची होती. यूडेव्ह ईथ१ चं नाव बदलून ईथ० करू पाहतोय, त्याच क्षणी कर्नलने दुसऱ्याच कार्डाला ईथ० देऊन टाकलेलं असायचं. दोघं एकाच नावांच्या पोतडीत हात घालत होते. कधी कधी या झटापटीत ‘रिनेम३’ अशा अर्धवट नावाचं कार्डच मागे उरायचं.

विंडोजवाल्यांनी यावर हसू नये. तिथे कार्ड बदललं की ‘लोकल एरिया कनेक्शन २’ उगवायचं, आणि जुना आयपी द्यायला गेलं की हा पत्ता दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे, जे यंत्रात नाही म्हणून दिसत नाही, अशा अर्थाची खिडकी उघडायची. त्या भुताला डिव्हाइस मॅनेजरमध्ये दृश्य करण्यासाठी आधी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावावा लागे. ज्याला ठाऊक नसे त्याची रात्र जायची.

२००८-०९ च्या सुमारास सर्व्हर बनवणाऱ्यांनी वेगळ्या बाजूने हा गुंता सोडवायला घेतला. डेलच्या फ्लेक्सॲड्रेसने पत्ता ब्लेडच्या खाचेला दिला, सिस्कोच्या यूसीएसने तो सर्व्हिस प्रोफाइल नावाच्या दस्तऐवजात ठेवला. आतला सर्व्हर बदला, पत्ता तोच. सनची ती चिप कागदावरची होऊन परत आली, असं म्हणायला हरकत नाही. दलालांना यात नवल वाटलं नसतं.

नावाच्या बाजूने डेलमध्येच मॅट डॉम्श यांनी ‘बायोसडेव्हनेम’ लिहिलं. यूडेव्हने पाटी बिऱ्हाडाला लावली होती. बिऱ्हाड हललं की पाटीही गेली. इथे ती चाळीतल्या खोलीला लागली. मदरबोर्डाच्या फर्मवेअरमध्ये एक तक्ता असतो, कोणता पोर्ट बोर्डावरचा आणि कितवा, कोणता स्लॉट कितवा. तो वाचून बोर्डावरच्या पहिल्या पोर्टाला ईएम१, तिसऱ्या स्लॉटातल्या कार्डाच्या पहिल्या पोर्टाला पी३पी१. सर्व्हरच्या पाठीवर जे छापलंय तेच पडद्यावर. २०११ च्या फेडोरा १५ मध्ये हे आलं, रेड हॅट ६.१ मध्ये डेलच्या सर्व्हरांपुरतं चालू झालं. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतली ही सर्वांत समंजस पिढी, कारण ज्याच्या हातात केबल आहे त्याचा विचार तिने केला. पण ती पडली एका कंपनीच्या घरची, आणि फर्मवेअरचा तक्ता धड असेल तरच चालणारी.

जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीने तोच विचार सगळ्यांसाठी केला, आणि ईथ ही पोतडीच सोडून दिली, म्हणजे कर्नलशी झटापट नको. नाव ‘ईएन’ने सुरू. फर्मवेअरने बोर्डावरचा क्रमांक सांगितला तर ईएनओ१. स्लॉटचा सांगितला तर ईएनएस१. दोन्ही नसेल तर पीसीआय बसवरची जागा : ईएनपी३एस० म्हणजे तिसरी बस, शून्यावी जागा. पत्त्यावरून नाव मुद्दाम मागितलं तर एक्स आणि पुढे अख्खा पत्ता. कर्नलमध्ये नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे. ‘ईएनएक्स’ची तीन रोमन अक्षरं आणि पत्त्याचे बारा अंक मिळून बरोबर पंधरा होतात. एकही जास्त असता तर बसलं नसतं. रेड हॅट ७ ने २०१४ मध्ये हे घेतलं, उबुंटूने २०१५ मध्ये, डेबियनने २०१७ मध्ये.

ओरड झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती. एकाच पोर्टाच्या यंत्राला ईथ० मध्ये कधीच काही अडचण नव्हती. काही परवाना-सॉफ्टवेअर ईथ० चाच पत्ता शोधायचं. ते नाव दिसेना म्हणून परवाना नाकारायचं. रास्पबेरी पायवर २०१७ मध्ये ईएनएक्स-बी८२७ईबी असं लांबलचक नाव उगवलं, लोक वैतागले आणि त्यांनी पुन्हा ईथ० आणलं. ‘नेट डॉट इफनेम्स=०’ ही ग्रबमध्ये लिहायची ओळ कित्येकांना तोंडपाठ झाली. नव्या नावांना ‘प्रेडिक्टेबल’ म्हणतात. त्याच यंत्रापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. पण समोर न पाहिलेलं यंत्र असेल तर त्याच्या कार्डाचं नाव काय असेल ते आता सांगताच येत नाही. पूर्वी येत होतं.

आणि त्याच यंत्रावरही हे पूर्णपणे टिकत नाही. फर्मवेअर जे सांगेल ते खरं मानायचं ठरलं, तर फर्मवेअर काहीही सांगू लागलं. सेंटओएस ७ व्हीएमवेअरवर बसवणाऱ्यांना ईएनओ१६७७७७३६ हे नाव आठवत असेल. एक कोटी सदुसष्ट लाखांवा पोर्ट! नंतर सिस्टिमडीने १६३८३ च्या वरचे क्रमांक मानायचेच नाहीत असं ठरवलं. खरी मेख मात्र त्या ‘पी३’मध्ये आहे. पीसीआय बसचे क्रमांक बोर्डावर कोरलेले नसतात. यंत्र सुरू होताना फर्मवेअर एकेका पुलामागे काय आहे ते पाहत जातं आणि भेटेल त्या क्रमाने आकडे वाटतं. आपण ग्राफिक्स कार्ड किंवा एक एनव्हीएमई डिस्क घालतो. ती वाटेत आधी भेटते, तिच्यासाठी एक क्रमांक खर्ची पडतो आणि पुढचे सगळे एकाने सरकतात. काल ‘एलएसपीसीआय’मध्ये ०३:०० वर असलेलं नेटवर्क कार्ड आज ०४:०० वर आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही, त्याचा स्लॉट तोच, केबल तीच. नाव मात्र ईएनपी४एस०, आणि ब्रिज ईएनपी३एस० ची वाट बघत बसलेला. ये रे माझ्या मागल्या.

सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यानेही नाव बदलतं. नाव काढायचे नियम सिस्टिमडीत सुधारत गेले, आणि प्रत्येक सुधारणेने कुणाचं तरी नाव बदललं. म्हणून २४० व्या आवृत्तीपासून नियमांनाच आवृत्ती-क्रमांक देऊन, बूट करताना जुने नियम मागायची सोय करावी लागली. नवा ड्रायव्हर पोर्टाचं नाव कळवू लागला की ईएनएस१एफ० च्या मागे ‘एनपी०’ची शेपटी लागते. नाव एका ठिकाणाहून सोडवून दुसऱ्या ठिकाणी बांधलं, एवढंच आजवर झालं. आधी क्रमाला, मग पत्त्याला, मग जागेला. ज्याला बांधावं ते कधी ना कधी हलतंच, कारण सर्व्हरमध्ये न हलणारं एकच आहे : त्या पोर्टाचं काम. आतल्या जाळ्याचा पोर्ट, बाहेरच्या जाळ्याचा, बॅकअपचा. हे काम यंत्राला ठाऊक असण्याचं कारण नाही; ते ॲडमिनला ठाऊक असतं.

सोलारिसने हे थोडं आधी ओळखलं. २०११ च्या सोलारिस ११ मध्ये कार्डाला नुसतं नेट०, नेट१ म्हणतात आणि त्यामागे कोणतं कार्ड आहे ते वेगळं नोंदतात. कार्ड बदललं तर मागची नोंद बदला, नाव तेच. लिनक्समध्ये जिरी पिर्को यांच्या कामामुळे ५.५ कर्नलपासून, म्हणजे २०२० पासून, एका कार्डाला जास्तीची टोपणनावंही देता येतात, आणि त्यांना पंधरा अक्षरांची अट नाही. प्रॉक्समॉक्सच्या ९ व्या आवृत्तीत २०२५ मध्ये कार्डांची नावं एनआयसी०, एनआयसी१ अशी खिळवून टाकणारं हत्यारच आलं. चाळीस वर्षांपूर्वी बीएसडीची कॉन्फिग फाइल माणूस हाताने लिहायचा. गाडी फिरून त्याच फलाटाला लागली आहे.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. बोर्डावरच्या पोर्टाला फर्मवेअर नीट ईएनओ१ म्हणत असेल तर ते तसंच राहू द्या. त्याच मॉडेलचा नवा बोर्ड आला तरी ते नाव टिकतं. वरून घातलेल्या कार्डांना मात्र ईएनपी-ईएनएसच्या भरवशावर ठेवू नका. इटीसी-सिस्टिमडी-नेटवर्कमध्ये एक ‘डॉट लिंक’ फाइल लिहा. मॅचच्या खाली कार्डाचा कायमचा पत्ता, लिंकच्या खाली त्याच्या कामाचं नाव : लॅन०, वॅन०, बॅकअप०. पत्ता ‘परमनंटमॅकॲड्रेस’ या ओळीत द्या. बाँडमध्ये गेलेली कार्डं वरचा पत्ता बदलतात, कोरलेला बदलत नाहीत. फाइलीचं नाव १० ने सुरू करा, कारण मूळची ९९ ची आहे आणि जी आधी जुळते तीच लागू होते. नाव ईथने सुरू करू नका, तिथे अजून कर्नलचं राज्य आहे. आणि हे सगळं झाल्यावर ड्रॅकट किंवा अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवायला विसरू नका. नावं कधी कधी मुख्य डिस्क चढायच्या आधीच ठरतात.

बोर्ड किंवा कार्ड बदलायला माणूस येणार असेल तर त्याच्या आदल्या दिवशी ‘ईथटूल’ला मोठा पी लावून प्रत्येक पोर्टाचा पत्ता काढा, कोणती केबल कुठे जाते ते त्याच्या शेजारी लिहा, आणि तो कागद त्या सर्व्हरवर नव्हे, दुसरीकडे ठेवा. नाव चुकलं की नेटवर्कवरून त्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही.